सध्या काय वाचताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही काही वाचणारी मंडळी एकत्र बसतो. अध्यक्ष नाही, ठरलेला विषय नाही, आभारप्रदर्शन तर नाहीच. प्रत्येकानं एवढंच सांगायचं: सध्या काय वाचणं चालू आहे आणि त्यात काय आवडतंय. नवीन माणूस आला की ठरावीक प्रश्न येतात. त्यातले निम्मे मी स्वतः पहिल्या दिवशी विचारले होते. उत्तरं माझी आहेत. गटातल्या बऱ्याच जणांना त्यातली बरीचशी पटत नाहीत, आणि ते तसं तोंडावर सांगतातही.

नुसतं पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगून भागत नाही का?

भागतं. पण मग बोलणं तिथंच आटोपतं. समोरच्यानं ते वाचलेलं असलं तर तो "हो, छान आहे" म्हणतो, नसलं तर "अच्छा" म्हणतो. दोन्हीकडे पुढे रस्ता नाही. नावाला जोडून तुम्ही पुस्तकात कुठवर पोचलाय ते सांगा. "साठ पानं झाली, अजून दोन भावांची नावं एकमेकांत गुंततायत" एवढं म्हणालात तरी ऐकणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळतं.

पुस्तक अर्धंच झालंय. आताच सांगू की संपल्यावर?

आताच. मुळात प्रश्नच चालू पुस्तकाचा आहे. संपलेल्या पुस्तकाबद्दल आपण निकाल देतो, चालू पुस्तकाबद्दल बातमी देतो, आणि मला बातमी जास्त आवडते. शेवटचं पान उलटलं की सगळ्या पुस्तकाला शेवटाचा रंग चढतो. शेवट फसला तर मधली दोनशे सुंदर पानं आपण विसरून जातो, आणि शेवट जमला तर मधला रटाळपणा माफ करून टाकतो. 140 व्या पानावर असताना तुम्हाला काय वाटत होतं, ते 140 व्या पानावर असतानाच सांगता येतं. महिन्याभरानं तुम्हाला ते आठवणार नाही. आठवलं असं वाटलं, तरी त्यात नंतरचं बरंच मिसळलेलं असेल.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली आपले बर्लिनमधले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामं द्यायची आणि त्यातली काही मध्येच थांबवायची, असा तो प्रकार होता. अर्धवट राहिलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहतात, असं त्यांना दिसलं. पुढे इतरांनी तेच करून पाहिलं तेव्हा दर वेळी तसं आढळलं नाही, त्यामुळे यावर फार इमले बांधू नयेत. पण खुणेची पट्टी घातलेलं पुस्तक दिवसभर डोक्यात खुडबुडत राहतं, हे सांगायला मला प्रयोगाची गरज वाटत नाही.

अर्ध्यात सांगण्यात चुकण्याचीही मजा असते. आमच्यातल्या एकीनं एका रहस्यकथेच्या मध्यावर छातीठोकपणे जाहीर केलं होतं की खुनी माळीच आहे. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा माळ्याचाच खून झालेला होता. पुस्तक संपवून आली असती तर हा किस्सा आम्हाला कधीच मिळाला नसता.

पण दोन-चार वाक्यांत सांगायचं काय? काही साचा आहे का?

साचा नको. साचा दिला की महिन्याभरात सगळे एकाच आवाजात बोलायला लागतात. अडलातच तर पुस्तकातली एकच गोष्ट उचला: एखादी वस्तू, एखादा प्रसंग, एखादी माहिती. ती नीट दाखवा आणि थांबा.

मध्यंतरी मी पक्ष्यांच्या स्थलांतरावरचं एक पुस्तक वाचत होते. तेव्हा जे सांगितलं ते साधारण असं होतं: "पान 74 वर आहे. गॉडविट नावाचा लांब चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी आहे. 2022 साली यातलं एक जेमतेम पाच महिन्यांचं पोर अलास्काहून निघालं आणि अकरा दिवसांनी थेट टास्मानियाला उतरलं. मध्ये कुठंही थांबलं नाही. 13,560 किलोमीटर! निघण्याआधी हे पक्षी अंगावर भरपूर चरबी चढवतात आणि वजन कमी करायला त्यांची पचनाची इंद्रियं चक्क आक्रसतात. लेखक आकडेवारीत फार रमतो, ती मी सरळ गाळतेय. पण हे प्रकरण दोनदा वाचलं."

तिघांनी पुस्तक मागितलं. त्याच्या आदल्या महिन्यात मी एका कादंबरीला "अप्रतिम, खिळवून ठेवणारी, प्रत्येकानं वाचलीच पाहिजे अशी" म्हणाले होते. एकानंही नाव टिपून घेतलं नव्हतं. कादंबरी खरोखर चांगली होती, पण माझे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेले होते. "अप्रतिम" हे कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं, पोटातली इंद्रियं आक्रसणारा पक्षी एकाच पुस्तकात असतो.

आणखी एक सांगते. वरच्या बोलण्यात तक्रारही आहे. आकडे गाळतेय हे मी लपवलं नाही. थोडीशी कुरकुर असली की बाकीच्या कौतुकावर लोकांचा विश्वास बसतो.

मलपृष्ठावरचा मजकूर मात्र वाचून दाखवू नका. तो विकण्यासाठी लिहिलेला असतो, आणि तो लिहिणाऱ्यानं पुस्तक पुरतं वाचलं होतं की नाही अशी शंका यावी असे मजकूर मी पाहिलेत.

आवडतंय, पण का आवडतंय ते सांगताच येत नाही. मग?

हा प्रश्न विचारणारे लोक बहुतेक वेळा चांगले वाचक असतात. कारण शोधत बसू नका, पुरावा सांगा. दिवा मालवल्यावर पुन्हा लावून एक प्रकरण वाचलंत का? उतरायचं स्थानक मागे गेलं का? कुठल्या पानावर बोट घालून पुस्तक मिटलंत आणि भिंतीकडे बघत बसलात? उरलेली पानं बोटांनी चाचपून "एवढीच राहिली?" असं वाटलं का? यातलं एक सांगितलंत तरी पुरे. आमच्याकडे एका गृहस्थांनी एका आत्मचरित्राबद्दल फक्त एवढंच सांगितलं: "वाचताना मी दोनदा उठून वडिलांना फोन केला." पुस्तकात काय आहे ते कुणीही विचारलं नाही. नाव मात्र सगळ्यांनी लिहून घेतलं.

गोष्ट फुटू नये म्हणून किती जपायचं?

यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटायची चिन्हं नाहीत.

एका तटाच्या हातात 2011 सालचा एक अभ्यास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या शाखेत जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 12 लघुकथा घेतल्या. काहींना कथा तशीच वाचायला दिली, काहींना आधी शेवट सांगून दिली. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा अधिक आवडल्या. काय होणार ते कळलं की कसं होतं याकडे लक्ष द्यायला मन मोकळं होतं, असा एक तर्क त्यावर मांडला गेला. दुसरा तट लगेच सांगतो की नंतरच्या काही अभ्यासांत नेमकं उलटं दिसलं, आणि शिवाय लघुकथा वेगळी, आठवडाभर उराशी धरलेली कादंबरी वेगळी. मी दुसऱ्या तटात आहे.

व्यवहारात आम्ही एवढं पाळतो: पहिल्या चौथाईतलं काहीही सांगायला मोकळीक, त्यापुढचं सांगायचं असेल तर आधी विचारायचं. इतिहास, विज्ञान, चरित्र यांना हा नियम नाही. पक्षी टास्मानियाला पोचला हे सांगितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

खरा धोका उघड सांगण्यात नसतोच, सूचक बोलण्यात असतो. हे माझ्याच हातून घडलंय. एकजण एका कादंबरीतल्या मावशीच्या पात्राचं मनापासून कौतुक करत होता. मी ती कादंबरी आधी वाचलेली. मी काही बोलले नाही, फक्त हसून म्हणाले, "मावशी ना? थांबा थोडं." झालं! पुढची दोनशे पानं तो बिचारा मावशीकडे संशयानं बघत बसला. "शेवटी कमाल कलाटणी आहे" हे वाक्यही तसंच. कलाटणी कुठली ते सांगितलं नाही म्हणून आपण निर्दोष, असं वाटतं, पण ऐकणारा वाचत नाही, पहारा देतो.

एकाच वेळी चार पुस्तकं चालू आहेत. कुठलं सांगू?

काल रात्री ज्याला हात लावलात ते. बाकीची तीन चालू नाहीत, उघडी आहेत.

मी हलकंफुलकं वाचतो. बाकीचे भारी भारी पुस्तकं सांगतात, तिथं आपलं नाव काढायला लाज वाटते.

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कधी तो "माझं वाचन काही विशेष नाही" अशा शब्दांत येतो, कधी "मी नंतर बोलतो" म्हणून टाळला जातो.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. दुसरं सूत्र: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आयुष्यभर ग्रंथालयांचा विचार केलेल्या माणसानं यात उच्च-नीच घातलेलं नाही. तुमची प्रेमकथा, भुताची गोष्ट, चित्रकथा कुणातरी वाचकाची वाट बघत असते आणि तो वाचक कदाचित समोरच बसलेला असतो. तोही लाजून गप्प असतो, एवढीच अडचण.

एकदा एक बाई खूप आढेवेढे घेऊन म्हणाल्या की त्या भयकथा वाचतात, त्यातही स्वस्तातल्या, चुकीच्या छपाईच्या. मग त्यांनी सांगितलं की चांगल्या भयकथेत भूत दिसण्याआधी घरातला एक साधा आवाज बंद पडतो. घड्याळ, पंखा, नळाची टिपटिप. लेखक कच्चा असला तर आवाज वाढतात, पक्का असला तर कमी होतात. हे त्यांनी वाचून वाचून टिपलं होतं. तेवढ्या तीन मिनिटांत भयकथेबद्दल जे कळलं, ते मला दोन समीक्षाग्रंथांतून कळलं नव्हतं. पुस्तक हलकं असेल, वाचन हलकं नव्हतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कधीकधी कुणीतरी फक्त दाखवायला पुस्तक आणतं. सहा महिने तोच जाडजूड ग्रंथ, आणि खूण दर वेळी प्रस्तावनेत. त्याला काही बोलू नये. "सध्या कुठं आहात?" एवढं प्रेमानं विचारावं. पुढच्या खेपेला तो काहीतरी पातळ आणतो आणि मोकळेपणी बोलतो.

ऑडिओबुक ऐकत असलो तर "वाचतोय" म्हणायचं का?

म्हणा की. मनातल्या मनात वाचणं हीच खरी रीत, असं आपण धरून चालतो, पण चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता, आवाज न करता वाचत, याचं संत ऑगस्टीन यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी ते लिहून ठेवलं. कानांचं वाचनही जुनंच आहे.

एक मात्र सांगत चला: वाचणारा कोण आहे. तोच मजकूर एका आवाजात जिवंत होतो आणि दुसऱ्यात झोप आणतो. पुस्तक कंटाळवाणं की निवेदक, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. आणि तुम्हाला पान क्रमांक नाही म्हणून अडू नका. "सव्वातीन तास झालेत, अजून साडेपाच आहेत" हेही ठिकाण सांगणंच आहे.

मी फार हळू वाचतो. दर वेळी तेच पुस्तक सांगायला बरं दिसेल का?

तेच पुस्तक सांगा. पान वेगळं असेल ना?

हळू म्हणजे किती, याचा अंदाज घ्यायचा असेल तर मार्क ब्रिसबार्ट या संशोधकानं 2019 साली 190 अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. इंग्रजी मनात वाचणारे प्रौढ माहितीपर मजकूर सरासरी मिनिटाला 238 शब्द या वेगानं वाचतात, कथा-कादंबरी असेल तर 260. मोठ्यानं वाचताना 183. मराठीला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब झालेले असतात. तरी हिशेब करून बघा. 90,000 शब्दांची कादंबरी 260 च्या वेगानं वाचायला पावणेसहा तास लागतात. रोज अर्धा तास मिळाला तर बारा दिवस. म्हणजे ज्याला अर्धा तासही रोज मिळत नाही त्याचं पुस्तक महिनाभर चालणं यात वेगाचा काही दोष नाही, दिवसाचा आहे.

वर्षाला पन्नास पुस्तकं, शंभर पुस्तकं असे संकल्प करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण त्यांच्या यादीत डिसेंबरात पुस्तकं अचानक बारीक होतात, हे मी पाहिलंय.

पुस्तक मध्येच सोडलं तर तेही सांगायचं का?

जरूर. कुठं सोडलं आणि कशामुळे, तेही सांगा. "आवडलं नाही" म्हणजे काहीच नाही. "पहिली चाळीस पानं एकाच मेजवानीत गेली आणि मला कुणाचाच चेहरा दिसेना" म्हटलंत की दुसरा कुणीतरी म्हणतो, "पुढं पंचेचाळिसाव्या पानावर ते सगळे गावभर पांगतात, बघा पुन्हा." किंवा म्हणतो, "पुढंही तसंच आहे, बरं केलंत."

किती पानांपर्यंत धीर धरायचा? नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम मला आवडतो. पन्नाशीपर्यंतच्या माणसानं 50 पानं वाचावीत आणि मग ठरवावं. पन्नाशी उलटली की शंभरातून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढी पानं द्यावीत. चौसष्टाव्या वर्षी 36 पानं. शंभरी गाठली की मुखपृष्ठावरून पुस्तक नाकारायची मुभा! फ्रेंच लेखक डानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यातला तिसराच पुस्तक न संपवण्याचा आहे. एवढ्या दोघांचा आधार असताना अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. मी स्वतः मात्र अजून वाटून घेते.

पुन्हा वाचत असलेलं पुस्तक चालेल?

चालेल, आणि या वेळी वेगळं काय दिसलं ते सांगा. विसाव्या वर्षी नायकाची बाजू घेतली होती, आता त्याच्या सासऱ्याची घ्यावीशी वाटते, असं काहीतरी असतंच.

नावाशिवाय आणखी काय माहिती द्यावी?

लेखक. आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, न चुकता. तुम्ही जी वाक्यं वाचून खूश झालात, त्यातलं एकही मूळ लेखकानं लिहिलेलं नाही. ती अनुवादकानं लिहिलेली आहेत. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील तर हे सांगणं आणखी गरजेचं. आम्ही एकदा वीस मिनिटं भांडलो, एकाला भाषा ओघवती वाटत होती आणि दुसरीला लाकडी. शेवटी दोघांनी पुस्तकं टेबलावर ठेवली तेव्हा कळलं की अनुवादक वेगवेगळे आहेत. तेव्हापासून पहिलं पान उघडून दाखवायची पद्धतच पडली.

एकाच नावाची दोन पुस्तकं असतील किंवा आवृत्त्या वेगळ्या असतील तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळखक्रमांक, कामाला येतो. 2007 च्या सुरुवातीपासून तो 13 अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर 10 अंकी दिसेल. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नका. आकडा वाचून दाखवणाऱ्याकडे कुणी फार प्रेमानं बघत नाही.

आवडलेलं पान फोटो काढून पाठवलं तर?

एखादा परिच्छेद, लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावासह, ठीक आहे. लेखकांच्या हक्कांबद्दल (कॉपीराइट) 1886 पासून चालत आलेला बर्न करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यातही योग्य तेवढं अवतरण घ्यायला मोकळीक आहे, अट अशी की मूळ कुठलं ते आणि लेखक सांगावा. पण अख्खं प्रकरण फोटोंतून फिरवायचं असेल तर ते सांगणं राहत नाही, वाटप होतं. तपशिलाचे कायदे देशागणिक वेगळे.

माझा सल्ला वेगळाच आहे: परिच्छेद हातानं उतरवून काढा आणि मग पाठवा. उतरवताना निम्म्या वेळा लक्षात येतं की आवडलेलं फक्त एकच वाक्य होतं.

दुसरं कुणी मी वाचलेलंच पुस्तक वाचत असेल तर मी काय बोलू?

कमी बोला. आपण तिथं आधी जाऊन आलोय, हे सांगायची जी खाज असते ती आवरणं अवघड आहे, मला मावशीच्या वेळी आवरली नाही. विचारा: कुठवर आलात? कोण आवडतंय? मग ते जे म्हणतील ते चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका. त्यांचं पुस्तक अजून चालू आहे, तुमचं मिटलंय.

आणि तुम्हाला न आवडलेलं पुस्तक कुणी उत्साहानं सांगत असेल तर तुमचं मत पुढच्या महिन्यावर ढकला. अर्ध्या वाटेवर असलेल्या माणसाला "मला तर ते भंगार वाटलं" म्हणणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात माशी दाखवणं.

सगळ्यांचं ऐकून यादी वाढतच चाललीय. घरी न वाचलेल्या पुस्तकांची चळत झालीय.

जपानीत याला शब्दच आहे: त्सुंदोकु. पुस्तकं आणून, न वाचता रचून ठेवणं. मेइजी काळातला, म्हणजे 1868 ते 1912 च्या दरम्यानचा शब्द आहे. "रचून ठेवणं" आणि "वाचणं" यांच्यावर केलेली कोटी आहे. तेव्हा हा आजार नवा नाही आणि तुमच्या एकट्याचा तर नाहीच.

मी यादीत पुस्तकाच्या नावापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिहिते. "भयकथावाल्या बाई, घड्याळ बंद पडतं." सहा महिन्यांनी यादी चाळताना ज्या नावापुढची ओळ वाचूनही काही हलत नाही, ते खोडून टाकते. नुसत्या नावांची यादी असली की काहीच खोडवत नाही.

स्वतःच्या वाचनाची नोंद कशी ठेवता?

फारशी शिस्त नाही. एक लहान वही, दर नोंदीला तारीख, पान क्रमांक आणि एक-दोन ओळी. शेवटच्या खेपेची नोंद जशीच्या तशी: "पान 31. चित्रकार भांडून घर सोडतो, पण ब्रश विसरतो. परत येणार." खाली दुसऱ्या शाईत: "पान 208. आला नाही. ब्रश बायकोनं वापरायला काढले."

तत्त्वज्ञ जॉन लॉक यानं टिपणवहीची अनुक्रमणिका कशी करावी याची एक पद्धत सुचवली होती, इंग्रजीत ती 1706 साली छापली गेली. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, यावरून पान ठरवायचं. मी मराठीत करून पाहिली. आपल्याकडे स्वर अक्षरालाच काना-मात्रा होऊन चिकटलेला, त्यामुळे बाराखडीचंच कोष्टक तयार झालं आणि ते भरता भरता वाचन बाजूला राहिलं. सोडून दिली.

मला ऐकायला आवडतं, बोलायला नाही. येऊ का?

या. पेनाक यांच्या दहा हक्कांतला शेवटचा, दहावा, गप्प राहण्याचाच आहे. वाचलेलं काही काळ कुणाला सांगूच नये असं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. काही पुस्तकं आपल्याला इतक्या जवळून ओळखतात की त्यांचं नाव घेतलं तरी स्वतःबद्दल फार सांगितल्यासारखं होतं.

आमच्याकडे एकजण सात-आठ महिने नुसते येऊन बसत. पाळी आली की हातानंच "पुढे" अशी खूण करत. कुणी आग्रह केला नाही. एक दिवस त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पान 19." मग थोडं थांबून, "बाकी पुढच्या वेळी." पुढच्या वेळी ते 23 वर होते.